पिठावरची रेघ: युद्ध संपल्यावर घरात काय उरते?

वसनाकाठ (प्रश्न)

नमस्कार. मी कोरेगाव तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. गेल्या महिन्यात वर्गात पहिल्या महायुद्धाचा विषय निघाला असताना एका मुलीने विचारले, "बाई, लढाई संपल्यावर त्या माणसांचं पुढं काय झालं?" पुस्तकात तह होतात, सीमा बदलतात आणि पुढचे प्रकरण सुरू होते, त्यामुळे मला चटकन उत्तर देता आले नाही. मी आपल्या अपशिंग्याचे उदाहरण दिले. त्या एका गावातून महायुद्धावर गेलेल्यांपैकी ४६ जण परत आले नाहीत आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' हा शब्द कायमचा जोडला गेला, असे सांगितले. पण मुलीने विचारले होते ते परत आलेल्यांविषयी, हे माझ्या घरी गेल्यावर लक्षात आले.

घरी गेल्यावर लक्षात येण्याचे कारण असे, की आमच्याच घरात असा एक परत आलेला माणूस होता. माझे पणजोबा, ज्यांना सगळे तात्या म्हणत, मराठा पलटणीतून आजच्या इराकमधील बसऱ्याला गेले होते. ते तिथल्या कुत या गावाच्या वेढ्यात सापडले, पुढे तुर्कांच्या कैदेत राहिले आणि १९१९ साली गावी परतले, एवढेच आम्हाला ठाऊक आहे. ते १९६८ साली वारले. त्या पन्नास वर्षांत त्यांनी लढाईविषयी चार वाक्येही सलग सांगितली नाहीत, असे माझे वडील म्हणत. राहिली ती एक सवय. आमच्याकडे पीठ काढून झाले की डब्यातला वरचा थर तळहाताने सपाट करतात, त्यावर तर्जनीने एक आडवी रेघ ओढतात आणि मगच झाकण लावतात. आजी असे करत असे, आई करते, आत्या करते आणि साताऱ्याच्या फ्लॅटमध्ये प्लास्टिकच्या डब्यातील विकतच्या पिठावर मीही करते. लग्नानंतर यजमानांनी पहिल्यांदा कारण विचारले, तेव्हा 'आमच्याकडे अशीच पद्धत आहे' यापलीकडे मला काही सांगता आले नाही. या रेघेचा आणि कुतच्या उपासमारीचा संबंध असेल, असा मला आता संशय येतो, परंतु तो निव्वळ माझ्या मनाचा खेळही असू शकेल.

तर जाणकारांना विचारायचे आहे, की युद्धातून किंवा नरसंहारातून वाचलेल्या माणसाची जखम किती पिढ्या टिकते? ती रक्तातून, म्हणजे जनुकांतून उतरते असे हल्ली व्हॉट्सॲपवर फिरते, त्यात तथ्य किती? आणि आत्या आता अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. तिला खोदून विचारावे, की जे झाकले आहे ते झाकलेलेच राहू द्यावे?

मिरजेचा मानसोपचारक

ताई, आपला प्रश्न वाचून दवाखान्यातील दुपारची विश्रांती याच उत्तरात घालवली, तेव्हा उत्तर लांबले तर समजून घ्यावे.

वैद्यकशास्त्राला ही जखम मान्य करायला फार वेळ लागला. पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्यानंतर थरथरणाऱ्या, वाचा गेलेल्या सैनिकांना 'शेल शॉक' हे नाव मिळाले, पण अनेक वरिष्ठांच्या लेखी तो भित्रेपणाच होता. यापेक्षाही चीड आणणारी गोष्ट दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. पश्चिम जर्मनीने १९५० च्या दशकात नाझी छळाच्या बळींसाठी नुकसानभरपाईचे कायदे केले. त्यांनुसार छळछावणीतून वाचलेल्या ज्यूंना आपला आजार छळामुळेच जडला, हे वैद्यकीय तपासणीत सिद्ध करावे लागे. तेव्हा कित्येक तपासनीस डॉक्टरांनी असा निर्वाळा दिला, की निरोगी माणूस अशा अनुभवातून काही काळात सावरतो, आणि जो सावरला नाही त्याची प्रकृती मुळातच कमकुवत असली पाहिजे. ज्याची बायकामुले विषारी वायूच्या कोठडीत गेली, त्याला 'तुम्हाला अजून झोप का येत नाही' असे विचारणारे हे माझेच व्यवसायबंधू होते. विल्यम नीडरलँड या न्यूयॉर्कमधील मानसोपचारतज्ज्ञाने असे शेकडो दावेदार तपासले आणि १९६० च्या दशकात त्यांच्या लक्षणांचे एकत्र वर्णन केले. भयस्वप्ने, सतत दचकणे, आनंद घेता न येणे आणि सर्वांत चिवट म्हणजे 'ते गेले आणि मी का राहिलो' ही अपराधाची टोचणी. अशा लक्षणांच्या आघातोत्तर तणाव विकाराचा (पीटीएसडी) अमेरिकेतील मानसविकारांच्या अधिकृत सूचीत समावेश झाला तो १९८० साली, आणि त्यामागे व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांचा रेटा मोठा होता.

किती वर्षे टिकते, याचे एक ठोस उत्तर कंबोडियाच्या निर्वासितांकडून मिळते. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत त्या देशातील सुमारे १७ लाख माणसे कत्तल, उपासमार आणि वेठीच्या श्रमाने मेली. वाचलेल्यांपैकी बरेच जण अमेरिकेत लाँग बीच शहरात स्थायिक झाले. तिथे जाऊन दोन दशके उलटल्यावर, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांच्यापैकी ६२ टक्के लोकांमध्ये हा विकार आढळला. पण त्यांची तक्रार पाठ्यपुस्तकातील शब्दांत येत नाही. ते 'खयाल' म्हणजे वारा अंगात वर चढल्याचे सांगतात, मानेची शीर फुटेल अशी भीती त्यांना वाटते. त्यांच्या भाषेत 'बाक्सबात' असा एक शब्द आहे, त्याचा शब्दशः अर्थ मोडलेले धैर्य. मला तो वाचताक्षणी आपला 'हाय खाल्ली' हा प्रयोग आठवला. माझ्याकडे येणारी जत-कवठेमहांकाळकडची म्हातारी माणसेही 'मन उदास आहे' असे कधी सांगत नाहीत. 'डोक्यात मुंग्या येतात', 'काळीज लकलक करतं' असेच सांगतात, आणि बाहेरच्या बाकावर बसलेली सून हळूच आत येऊन म्हणते, "थोरला गेल्यापासून त्यांनी हाय खाल्ली आहे."

आता जनुकांविषयी. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्नाची नाकेबंदी केली, त्यात वीस हजारांहून अधिक माणसे भुकेने मेली. त्या दिवसांत ज्यांची गर्भधारणा झाली, त्यांच्या जनुकांवरील रासायनिक खुणा साठ वर्षांनंतरही त्यांच्याच भावंडांपेक्षा काही ठिकाणी वेगळ्या आढळल्या. हे संशोधन चांगले आहे, पण तिथे गर्भाने स्वतःच उपासमार भोगली होती. ज्यूंच्या मुलांविषयी ज्या अभ्यासाचा सर्वत्र गवगवा झाला, त्यात वाचलेले ३२ जण आणि त्यांची २२ अपत्ये एवढीच माणसे होती. तेवढ्यावरून 'दुःख रक्तातून उतरते' असे म्हणणे मला पटत नाही. तुमचे तात्या तर वेढ्यात होते तेव्हा तरणेताठे गडी होते. मला विचाराल तर त्यांचा वारसा पिठाच्या डब्यात शोधावा, रक्तात शोधू नये. बाप जेवताना गप्प का होतो, हे मुलाला कोणी सांगत नाही, तरी त्या वेळी भांडे वाजवायचे नाही हे तो शिकतोच.

एक गोष्ट मात्र आग्रहाने सांगतो. वाचलेला प्रत्येक माणूस रुग्ण होत नाही. बहुतेकांनी संसार केले, मुले वाढवली, शेती केली. कोण कितपत सावरेल, हे युद्धात काय पाहिले यावर जेवढे अवलंबून असते, तेवढेच पुढे छप्पर, काम आणि माणसे मिळाली की नाही यावरही असते. आत्यांना खोदून विचारू नका. सगळे एकाच बैठकीत बाहेर काढले की मन मोकळे होते, ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही, उलट काहींना त्याने अपायच झाला. त्यांच्याबरोबर स्वयंपाकघरात बसा. बोलल्या तर ऐका.

जुने_दफ्तर

थोडी ऐतिहासिक भर. कुत-अल-अमारा येथे जनरल टाउन्सहेंडच्या हाताखालील सहावी, म्हणजे 'पूना' डिव्हिजन डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने वेढ्यात होती आणि २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जण शरण आले, त्यांत बहुसंख्य हिंदी होते. गोऱ्या शिपायांना घोड्याचे मांस दिले जाई. हिंदी शिपायांपैकी अनेकांनी धर्मामुळे ते बराच काळ नाकारले, त्यामुळे त्यांची सारी भिस्त पिठावर होती आणि ते पीठ आठवड्यागणिक तोलून कमी केले जात होते. त्यामुळे ताई, आपला संशय मला अगदीच मनाचा खेळ वाटत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाच्या गाभ्याशी येते. कुतच्या हिंदी कैद्यांपैकी पुष्कळांना वाळवंटातून चालवत आजच्या सीरियातील रास अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर नेले गेले. तुर्की राजवटीने आर्मेनियन या ख्रिस्ती अल्पसंख्याकांना देशोधडीला लावून ज्या छावण्यांत आणून टाकले होते आणि १९१६ मध्ये जिथे त्यांच्या कत्तली झाल्या, त्यांपैकी एक ठिकाण हेच. म्हणजे विसाव्या शतकातील एका मोठ्या नरसंहाराचे अवशेष डोळ्यांनी पाहिलेल्यांत आपल्याकडची शेतकऱ्यांची पोरे असणार. एका बंगाली शुश्रूषकाने पुढे आपल्या आठवणी लिहिल्या, म्हणून त्या बाजूची हकीकत थोडीफार कळते. मराठी शिपायाला बहुधा लिहिताच येत नव्हते, आणि गावी परतल्यावर 'आर्मेनियन' म्हणजे कोण हे तो कोणाला समजावणार होता?

बसऱ्याच्या युद्धस्मारकाची रचनाही इथे सांगण्यासारखी आहे. तिथे ४०,००० हून अधिक मृतांचे स्मरण आहे. त्यांत गोऱ्या सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, पण हिंदी शिपायांचा भिंतीवर पलटणवार केवळ आकडा आला. मृतांची ही नोंद असमान होती, असे या स्मारकांची निगा राखणाऱ्या राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने २०२१ साली स्वतःच मान्य केले. तात्यांच्या नोकरीची माहिती बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्री केंद्राकडे अर्ज करून मागून पाहावी. सापडेलच असे नाही, पण पलटणीचा क्रमांक घरात कुठे ट्रंकेवर किंवा पदकाच्या कडेवर असेल तर तो अर्जात जरूर लिहावा.

निवृत्त_सुभेदार

सर्वांना जय हिंद. मी साताऱ्याचाच. नोकरीत असताना संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेतून काँगोमध्ये गोमा येथे होतो. गोमा रवांडाच्या सीमेला खेटून आहे, इतके की आमच्या चौकीवरून पलीकडच्या गावातील दिवे दिसत.

रवांडात एप्रिल १९९४ पासून शंभर दिवसांत सुमारे आठ लाख माणसे मारली गेली, त्यांत बहुतांश तुत्सी या अल्पसंख्य जमातीचे होते. मारणाऱ्यांत लष्कर होते, तसे कोयता हातात घेतलेले शेजारीही होते. कोणाला मारायचे, कोण कुठे लपले आहे, हे रेडिओवरून सांगितले जात होते. आमच्याकडे दुभाष्याचे काम करणारा एक तरुण होता, तो त्या वेळी सहा-सात वर्षांचा असावा. मेसमध्ये कोणी रेडिओ लावला, मग त्यावर हिंदी गाणी का असेनात, की हा ताट घेऊन बाहेर जिन्यात जाऊन बसायचा. त्याच्याशी दीड वर्ष ओळख होती, पण त्याने कारण कधी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. निघण्याच्या दिवशी त्यानेच माझी ट्रंक गाडीत चढवली आणि चालकाला सांगून गाडीतला रेडिओ आधी बंद करवला.

तिकडे दर एप्रिलमध्ये स्मरणाचे कार्यक्रम होतात आणि भर सभेत माणसे, विशेषतः बायका, श्वास कोंडून किंचाळत कोसळतात. त्याला 'इहाहामुका' म्हणतात. त्यांच्या देशाने न्यायाचा जो प्रयोग केला, तो आपल्या लोकांना समजायला सोपा आहे. लाखभर आरोपी तुरुंगात आणि न्यायाधीश जवळजवळ उरलेले नाहीत, तेव्हा त्यांनी 'गचाचा' म्हणजे गवतावर बसून चालणारी गावकीची न्यायसभा पुन्हा उभी केली. जवळपास बारा हजार न्यायसभांनी २०१२ पर्यंत १९ लाखांच्या आसपास प्रकरणे निकालात काढली. आपल्याकडे पारावर बसून बांधाचे भांडण मिटवतात, तसे तिथे 'माझ्या मुलाला कुठे पुरलेस ते सांग' हा प्रश्न विचारला जात होता. पुष्कळांना निदान अस्थी मिळाल्या. पण पुढे वाचनात आले, की उघड्यावर साक्ष दिलेल्या काही बायकांचा त्रास कमी होण्याऐवजी वाढला, कारण साक्ष दिल्यावर त्यांना त्याच आळीत, त्याच माणसाच्या शेजारी परत राहायला जायचे होते.

अस्थींचे महत्त्व मी फौजी म्हणून जाणतो. बोस्नियात स्रेब्रेनित्सा येथे जुलै १९९५ मध्ये आठ हजारांवर पुरुष आणि मुलगे मारले गेले. पुरावा लपवण्यासाठी नंतर यंत्रांनी कबरी उकरून प्रेते दुसरीकडे नेली गेली, त्यामुळे एकाच माणसाची हाडे दोन-तीन ठिकाणी सापडली. डीएनए तपासणीनंतर आईला निरोप येतो, की तुमच्या मुलाची एवढी हाडे मिळाली आहेत, आता दफन करता की बाकीची सापडेपर्यंत थांबता? आपल्याकडे १९७१ च्या युद्धानंतर बेपत्ता सैनिकांच्या यादीत ५४ नावे राहिली. त्या घरांतील बायकांनी कुंकू लावायचे की नाही, हे कोणी ठरवायचे होते? वीरपत्नीला निदान मान मिळतो. बेपत्ता माणसाच्या बायकोला हळदीकुंकवाला बोलवायचे की नाही, इथपासून लोक कुजबुजतात.

आपल्या भागातील परत आलेल्यांविषयीही एक वाक्य लिहितो. घरटी फौजी असलेल्या गावात रात्री ओरडत उठणाऱ्या माणसाला 'जरा मेंटल झालाय' म्हणून सोडून देतात, किंवा कँटीनच्या बाटलीवर सगळे खापर फोडतात. बाटली नंतर आली, झोप आधी गेली होती, हे त्याच्या बायकोला माहीत असते.

गणपतीपेठ_सांगली

मी कापडाचा व्यापारी आहे. माल भरायला आम्ही कोल्हापूरजवळच्या गांधीनगरला जातो, सातारा-सांगलीचे निम्मे दुकानदार जात असतील. ज्या जागेवर ती बाजारपेठ उभी आहे, तिथे विसाव्या शतकातील दोन मोठ्या उलथापालथींमधली माणसे एकामागून एक राहून गेली, हे माल भरताना कोणाच्या ध्यानात येत नाही.

पहिले आले पोलंडचे लोक. १९४० पासून सोव्हिएत राजवटीने पूर्व पोलंडमधून लाखो लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानकडे हाकलले. त्यांतील काही १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडले आणि १९४३ पासून सुमारे पाच हजार जण, बहुतेक बायका-मुले, वळिवडे छावणीत येऊन राहिले. क्षयाने खंगलेल्या काहींना आपल्या पाचगणीच्या हवेत ठेवले होते. युद्ध संपले, पण त्यांचे गावच सोव्हिएत हद्दीत गेले होते, म्हणून बऱ्याच जणांना घरी परतता आले नाही. पोलंडमध्ये गेलेल्यांना कम्युनिस्ट राजवटीत ही हद्दपारी उघडपणे बोलण्याचीही सोय नव्हती. त्यातली मुले ऐंशीच्या घरात पोहोचल्यावर कोल्हापूरला येऊन जुन्या जागा शोधत हिंडली, हे जिल्ह्यात अनेकांनी पाहिले आहे.

१९४८ साली ते गेले आणि त्याच बराकींत फाळणीतून आलेले सिंधी कुटुंबकबिले उतरले. माझे एक जुने घाऊक व्यापारी आहेत, त्यांचे वडील शिकारपूरचे. वडील दर दिवाळीला नव्या चोपडीच्या पहिल्या पानावर सिंधीत, म्हणजे अरबी वळणाच्या लिपीत, आपल्या गावाचे नाव लिहीत आणि मग पूजा करीत. वडील गेल्यावर मुलगा तेच अक्षर जुन्या चोपडीत बघून बघून काढू लागला. आता नातू काढतो, आणि त्याला ती लिपी येत नाही. गेल्या दिवाळीत मी समोर होतो. पोराने अक्षर काढले, बापाने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाला, "नुक्ता एक कम पड़ा।" नातवाने विचारले, कुठे? तेव्हा बापालाही सांगता आले नाही. चोपडी तशीच पूजेला ठेवली.

गावभागातला_एक

वरील सर्व वाचून बराच वेळ लिहावे की नाही असे झाले होते.

आधी एक शब्दाची खबरदारी घेऊ या. 'नरसंहार' हा शब्द आपण हल्ली कशालाही लावतो. राफाएल लेमकिन या कायदेपंडितांनी १९४४ साली त्यासाठी 'जेनोसाइड' ही संज्ञा घडवली आणि ९ डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी त्यावर करार केला, तेव्हा एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह समूह म्हणून नष्ट करण्याचा हेतू हा तिचा कणा ठेवला. मी जे सांगणार आहे ते नरसंहार नव्हते, आणि त्याला तसे म्हणणाऱ्या माझ्या नातेवाइकांशी मी भांडलेलो आहे.

त्याच १९४८ सालच्या आरंभी, गांधीहत्येनंतर, सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. आमचे त्यांपैकी एक. घरात त्या घटनेला एकच शब्द होता, 'जळीत'. आजीचा काळ त्या शब्दाने दुभंगलेला होता. अमक्याची मुंज जळिताच्या आधीची, तमकीचे लग्न जळितानंतरचे. वर्ष विचारले तर तिला सांगता येत नसे. आम्ही गाव सोडून सांगलीला आलो. येताना आलेल्या तांब्याच्या घंगाळाची एक कड वितळून आत वळलेली होती, आणि माझ्या लहानपणी आंघोळीला पाणी घेताना तिथे बोट कापू नये म्हणून आई चिंधी गुंडाळून ठेवी. चिंधी बदलली जाई, पण घंगाळ मोडीत काढण्याचा विषय कोणी काढत नसे.

निवृत्त सुभेदारसाहेबांच्या लिहिण्याचा मला आदर आहे, पण मौन म्हणजे नेहमीच दुखणे, असे मला वाटत नाही. ज्या रात्री घर पेटले, त्या रात्री आजीला आणि तीन मुलांना आपल्या गोठ्यात वैरणीआड बसवणारे कुटुंब त्याच गावातील मराठा शेतकऱ्याचे होते. पेटवणाऱ्यांतील दोघे त्यांचेच भावकीतले होते. आजी नावे जाणत होती, आणि मरेपर्यंत तिने ती उच्चारली नाहीत, कारण उच्चारली असती तर आश्रय देणाऱ्याच्या घरावर बोट गेले असते. तिचे गप्प राहणे हा तिने विचार करून पाळलेला शब्द होता.

वडिलांचे तसे नव्हते. जळीत आणि कूळकायदा या दोन गोष्टी त्यांच्या बोलण्यात एकच होऊन गेल्या होत्या. 'घर जाळलं आणि जमीन नेली' असे ते एका दमात म्हणत. घर जाळणे हा गुन्हा होता. कसणाऱ्याला जमीन मिळणे हा न्याय होता, भले तो आमच्या वाट्याला तोटा म्हणून आला असेल. हे मी त्यांना एकदाच बोलून दाखवले, त्यानंतर आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. सोसलेल्या माणसाविषयी आपण हळहळून लिहितो, पण सोसण्यातून जो हिशेब मनात तयार होतो, तो नेहमी खरा असतोच असे नाही, आणि पुढच्या पिढीच्या हाती बहुधा हिशेबच येतो.

मिरजेचा मानसोपचारक

गावभागातल्या मित्राचा मुद्दा मला मान्य आहे. मौन कोणी लादले आणि मौन कोणी निवडले, हा फरक मी माझ्या उत्तरात करायला हवा होता.

वसनाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, कारण मध्ये आत्याकडे जाऊन आले. आईलाही बरोबर नेले होते.

मी काही विचारले नाही. आत्या भाकरीला बसली होती, डबा पुढे होता. पीठ काढून झाल्यावर तिने सवयीने हात फिरवला आणि रेघ ओढली. मी नुसती बघत राहिले, तेव्हा तिच्याच लक्षात आले. म्हणाली, "ही व्हय? ही तात्यांची. मी ल्हान हुते तवा ते सोता वढायचे. म्हनायचे, आमच्या मेसला असंच करत हुते, रातीत कुनी हात घातला तर सकाळी कळायचं." मग भाकरी थापता थापता पुढे बोलली, की एकदा रेघ मोडलेली सापडली आणि तो गडी कोण हे कळले, पण त्याचे पुढे काय झाले हे तात्यांनी कधी सांगितले नाही. तिथपर्यंत आले की ते उठून गोठ्यात जायचे.

मी पुढे काही बोलणार, तोच आत्या हसून म्हणाली, "पन तुझ्या आजीला त्याचं काय ठावं? ती आपली सुनांवर नजर ठेवाया वढायची. तिच्या सासूनं तिच्यावर ठेवली, तिनं हिच्यावर."

आई शेंगा निवडत होती, ती थांबली. माझी आई १९७६ साली या घरात आली, तात्यांना तिने पाहिलेलेसुद्धा नाही. ती म्हणाली, "मला वाटायचं, मी चोरून माहेरी पीठ धाडते असं सासूबाईंच्या मनात आहे. म्हणून मी पहिली पाच वर्षं माहेरी जाताना पिशवी उघडून दाखवून मग निघायची." हे तिने मला कधी सांगितले नव्हते. आत्याचे हसू गेले. दोघी नणंदा-भावजया पन्नास वर्षे एकमेकींना ओळखतात, पण त्यानंतर चुलीवरची भाकरी करपेपर्यंत कोणी काही बोलले नाही.

जुने_दफ्तर यांनी सांगितल्याप्रमाणे ट्रंक पाहिली. झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगात चार आकडे आहेत, पाचवा गंजाने गेला आहे. तेवढ्यावर बेळगावला अर्ज पाठवला आहे. काही उत्तर आले तर आधी तिला वाचून दाखवायचे, असे आईने बजावून ठेवले आहे.